ओटी धर, गजे

एका घाटमाथ्यावरच्या गावात एक पत्रावळी लावणारी बाई राहायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिचं नाव गजरा. पण ते नाव गावात कुणी घेत नसे. लहानथोर सगळे तिला "आंधळे" म्हणून हाक मारायचे, आणि वर सांगायचे, "आम्ही मायेनं म्हणतो."

माया होती तर नाव घ्यायला काय धाड भरली होती, ते त्यांनाच ठाऊक.

गजराचं घर गावच्या वाटेवर होतं. दारासमोर दगडाची डोण होती, येणारीजाणारी गुरं तिच्यात पाणी प्यायची. गजरा अंगणातल्या कडुनिंबाखाली बसायची. डाव्या हाताला पळसाची पानं, उजव्या हाताला बारीक काड्या. पान उचललं, काडी टोचली, मोडली, पुढचं पान. तिच्या पत्रावळीतून आमटीचा थेंब गळत नसे. गावातलं एकही लग्न तिच्या पत्रावळीशिवाय जेवलं नाही.

गाव वाईट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते. वाईट माणसांची गोष्ट सांगायला सोपी असते, ऐकणाऱ्याला वाटतं की हे काही आपल्याबद्दल नाही. हे गाव चांगलं होतं. कुणाकडे पुरणपोळी झाली की एक गजराकडे जायची. तिच्या घराचं छप्पर गळलं की चार गडी न बोलावता यायचे. पण त्या गावाला एक खोड होती.

गजराकडे कुणी आलं की नाव सांगायचं नाही. गुपचूप समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, "ओळख बघू, मी कोण?"

तिनं बरोबर ओळखलं की टाळ्या. चुकली की हसू. पाटील नाक दाबून बोलायचा. म्हाताऱ्या लहान पोरीसारख्या बोबडं बोलायच्या. कुणाकडे पाहुणे आले की जेवणं झाल्यावर त्यांना घेऊन यायचे, "चला, आमची आंधळी दाखवतो, सगळ्यांना आवाजावरून ओळखते." जशी काही ती जत्रेतली माकडीण.

आणि दुसरी गंमत म्हणजे बोलता बोलता निघून जायचं. गजरा सांगत असायची, की पान जून झालं की फाटतं, पावसाळ्याआधी तोडावं लागतं, आणि ऐकणारा केव्हाच पाय न वाजवता गेलेला. ती बोलत राहायची. लांब उभे राहून बघणारे तोंडात पदर घालून हसायचे.

गजरा म्हणायची, "बाबांनो, आलात की नाव सांगा. निघालात की सांगून निघा. दुसरं काही मागत नाही."

पाटलीणबाई म्हणायची, "अगं, गंमत असते ती! आणि तुला काय, देवानं कान दुप्पट दिलेत."

"कान दोनच आहेत पाटलीणबाई, तुमच्याएवढेच. तुम्ही वापरत नाही, एवढाच फरक."

यावरही सगळे हसायचे. ती बोलली की हसायचं, ती गप्प बसली की "बिचारी" म्हणायचं. तिनं सांगितलेलं ऐकायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

गजराला एक धाकटी बहीण होती, सारजा. आईबाप लवकर गेले. दोघींनीच एकमेकींना वाढवलं. घरामागं चिंचेचं झाड होतं. सारजा माकडासारखी वर चढायची आणि वरून ओरडायची, "ओटी धर, गजे!" गजरा खाली परकराची ओटी पसरून उभी राहायची आणि वरून चिंचा पडायच्या. निम्म्या डोक्यात, निम्म्या ओटीत.

पुढं सारजाचं लग्न झालं. नवरा खाली कोकणातला, मिठागरातला. मिठाचे बैल वर्षातून एकदा, वैशाखात घाट चढून वर यायचे, त्या लोकांतलीच सोयरीक. निघताना सारजा बहिणीच्या गळ्यात पडून रडली.

"मी येईन गजे. पुढच्याच वर्षी येईन. दर पुनवेला दोरीला एक गाठ मारून ठेवीन, आले की तुझ्या हातात देईन. तू मोज, मी किती पुनवा तुझ्याविना काढल्या."

"आणि ओळखू कशी? तिकडच्या वाऱ्यानं आवाज बदलला तुझा, तर?"

"ओळखायला नाव नाही सांगणार. एवढंच म्हणेन, ओटी धर, गजे. ही आपली खूण. कुणाला सांगायची नाही."

पुढच्या वर्षी सारजाला मुलगी झाली, ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सासू अंथरुणावर. मग काही, मग काही. नऊ वर्षं गेली. दर वैशाखात डोणीवर मिठाचे बैल पाणी पिऊन जायचे. गजरा विचारायची, "सारजा आहे का हो?" बैलवाले म्हणायचे, "बरी आहे. पुढच्या साली येईन म्हणाली."

गजराची एक मैत्रीण होती, सुताराची बायको. गाव तिला सुतारीण म्हणायचं. सुतारीण गजराला रानातून पळसाची पानं आणून द्यायची आणि तासन्‌तास जवळ बसायची. तोंडानं फटकळ, पण हाताला उदार. तिच्याजवळ एक कला होती, ती कुणाचाही आवाज काढायची. पाटलाचा खोकला, भटजींचं गुणगुणणं, स्वतःच्या सासूचं कण्हणं. हसून हसून पोट दुखायचं.

एका दुपारी गजराचं मन भरून आलं. तिनं सुतारणीला सगळं सांगितलं. चिंचेचं झाड, पुनवेच्या गाठी, आणि ती खूणसुद्धा.

"कुणाला सांगू नकोस हं," गजरा म्हणाली.

"मी कशाला सांगते!" सुतारीण म्हणाली.

आणि तिनं कुणाला सांगितलं नाही, हे खरं आहे. तिनं करून दाखवलं.

त्या चैत्रात पाटलाच्या अंगणात कुरडया चालल्या होत्या. दहाबारा बायका, चिकाचं पातेलं, गप्पांना ऊत. शेजारच्याच अंगणात गजरा पत्रावळी लावत बसलेली. कुणीतरी म्हणालं, "सुतारणी, तू सगळ्यांना फसवशील, पण आंधळीला फसवून दाखव. ती ओळखतेच तुला."

सुतारणीला ते झोंबलं. ती हात पुसून उठली. गजराच्या अंगणात गेली, लग्नाआधीच्या सारजाचा आवाज आठवला, आणि तसाच, जरा नाकातून, जरा हसत म्हणाली, "ओटी धर, गजे!"

गजराच्या मांडीवरची पानं खाली सांडली. ती धडपडत उठली. तिचा चेहरा असा उजळला, की कुरडया घालणाऱ्या बायकांचे हात क्षणभर थांबले. नऊ वर्षांची वाट बघणं त्या चेहऱ्यावर होतं. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला, ओटी केली, आणि मान वर करून उभी राहिली, जणू आत्ता वरून चिंचा पडणार.

तेवढ्यात कुणीतरी तिच्या ओटीत चिकाचा गोळा टाकला.

हशा असा उसळला की डोणीवरची गुरं बिचकली.

गजरा ओटी धरून उभी होती. मग तिला कळलं. तिनं ओटीतला गोळा चाचपला, बाजूला टाकला, आणि तीही हसली. तिनं हसायला नको होतं. रडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर कुणाला तरी लाज वाटली असती. ती हसली, आणि गावाला वाटलं की तिलाही गंमत वाटली.

झालं! मग कुणीही यायचं आणि म्हणायचं, "ओटी धर, गजे!" पोरं म्हणायची, पुरुष म्हणायचे, गावात आलेला कासारसुद्धा म्हणून गेला. पहिल्या चार वेळा ती उठली. आवाज वेगळा असला तरी उठली, कारण आवाज बदलला असला तर काय, हे तिनंच विचारलं होतं ना. कुणी ओटीत खडा टाकला, कुणी पुडकं म्हणून बाभळीचे काटे बांधून दिले. पाचव्या वेळी ती उठली नाही.

सुतारीण आली तेव्हा गजरा म्हणाली, "ती खूण मी फक्त तुला सांगितली होती."

"अगं, चुकून तोंडातून निघालं."

"आणि तिचा आवाज? तोही चुकूनच निघाला?"

सुतारीण फणकारली. "एवढ्यातेवढ्यावरून राग! तुमच्यासारख्यांना थट्टाच कळत नाही बाई."

"आमच्यासारख्यांना," गजरा म्हणाली, आणि पानाला काडी टोचली. सुतारीण थोडा वेळ थांबली आणि नेहमीसारखी न सांगता उठून गेली.

वैशाख आला. पाटलाच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात वऱ्हाड उतरलं, पंगती बसल्या. गजरा आपल्या अंगणात शेवटच्या पंगतीच्या पत्रावळी लावत होती. आणि भर दुपारी डोणीवर मिठाचे बैल येऊन थांबले.

त्यांच्याबरोबर सारजा आली होती.

सासऱ्याच्या हातापाया पडून आली होती ती. सासरा त्या तांड्याचा नायक. तो म्हणाला होता, "बैल पाणी पितील तेवढा वेळ देईन. त्यावर घटकाभरही नाही. पुढच्या बाजाराला पोचायचंय, आणि परतताना आपण दुसऱ्या घाटानं उतरणार." तेवढ्या वेळासाठी सारजा आठ दिवस घाट चढून आली. मिठाच्या वाऱ्यानं तिचा आवाज घोगरा झाला होता, चालून चालून छाती भरून आली होती. तिनं कुंपणापाशी उभं राहून बहिणीला पाहिलं. केस पांढरे झाले होते, बोटं तशीच भराभर चालत होती.

सारजानं कमरेचं पुडकं सोडलं, हातात धरलं, आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली,

"ओटी धर, गजे."

गजराची बोटं पानावर थांबली. एक श्वासभर. मग पुन्हा चालू लागली.

"गजे, ऐकलंस ना? ओटी धर की गं."

"धरली पुष्कळदा."

"अगं, मी सारजा."

"तिचं नाव घेऊ नकोस."

सारजानं पुढं होऊन तिचा हात धरायला हात लांबवला. गजरानं झटकन हात मागं घेतला आणि शेजारची काठी उचलली. "अंगाला हात लावायचा नाही!" आणि मग तिनं ते वाक्य म्हटलं, जे तिनं ही थट्टा कायमची बंद व्हावी म्हणून कित्येक दिवस मनात घोकून ठेवलं होतं. "माझी बहीण मला मेली. पुन्हा तिच्या नावानं माझ्या दारात उभी राहू नकोस."

सारजा होती तिथंच थिजली. पुढच्या वर्षी येते म्हणून गेलेली ती, नऊ वर्षांनी आली होती. तिला वाटलं, हिचा राग खरा आहे. मला बोलायला तोंडच नाही. तिनं तोंडावर पदर दाबला आणि रडली, आवाज न करता रडली. तसलं रडणं दिसणाऱ्याला दिसतं. गजराला ते कसं कळावं?

पण दिसणारे तिथं होते ना! पलीकडे मांडवाच्या दाराशी वाढपाची भांडी घेऊन चारपाच बायका उभ्या होत्या, त्यात सुतारीणही होती. त्यांना एक पाठमोरी, डोक्यावरून पदर घेतलेली परकी बाई दिसली.

"कोण गं ती?" एकीनं विचारलं. "जाऊन बघू का?"

आता इथं सुतारणीनं दहा पावलं टाकली असती, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. दहा पावलं. तिला तेवढंच करायचं होतं.

सुतारीण म्हणाली, "थांब गं. वऱ्हाडातली असेल कुणीतरी, कानावर आलं असेल तिच्या. आवाज बघ काय काढलाय, माझ्यापेक्षा सरस! जाऊ नकोस, बघू या उठते का ती."

आणि ओठावर बोट ठेवून हसली.

डोणीवरून नायकानं हाक दिली. बैलांचं पाणी पिऊन झालं होतं. सारजानं पुडकं गजराच्या पायाशी ठेवलं आणि काही न बोलता गेली. बैलांच्या घंटा लांब लांब गेल्या.

"गेलीस का?" गजरानं थोड्या वेळानं विचारलं.

कुणी बोललं नाही.

"सांगून जायचं नाहीच कुणी," ती पानांना म्हणाली.

तिच्या पायाला पुडकं लागलं. पुन्हा काटे, असं म्हणून तिनं ते काठीनं पानांच्या ढिगाकडं ढकललं. तिथं ते आठ दिवस पडून राहिलं.

नवव्या दिवशी ढीग उपसताना तिचा हात त्याच्यावर पडला. फेकून द्यायला उचललं, तर बोटांना ओलसर लागलं, आणि वास आला मिठाचा. गावात कुणाच्या घरात नसतो तसला, समुद्राचा. तिनं भीत भीत गाठ सोडली. आत मिठाचा एक खडा होता, आणि काथ्याची एक दोरी.

दोरीला गाठी होत्या.

सारजा डावखुरी होती. तिची गाठ उलटी पडायची. लहानपणी आई तिला रागवायची, गजरा मात्र हसायची, म्हणायची, "आंधळीलाही कळतं ही गाठ कुणाची." आवाज कुणीही काढील, खूण कुणीही चोरील, पण त्या उलट्या गाठी गावात कुणाला मारता आल्या नसत्या. गजरा एकेक गाठ चाचपत गेली. शंभरापर्यंत मोजल्या. पुढच्या तिला मोजवल्या नाहीत.

तिनं जी किंकाळी फोडली ती शिवारात काम करणाऱ्यांनी ऐकली.

गाव धावलं, अंगण भरलं. गजरा मधोमध उभी राहून चहूबाजूंना तोंड फिरवून विचारत होती, "लग्नाच्या दिवशी बैल पाणी पीत होते तेव्हा इथं कोण आलं होतं? कोणी पाहिलं? अरे बोला ना, इतकी माणसं आहात, माझ्यापुढं कोण उभं आहे ते तरी सांगा!"

जे गाव रोज "ओळख बघू" म्हणायचं, त्याला आज आपली ओळख नको होती.

गजरा एका बाजूला वळली. "सुतारणी, तू आहेस. तुझी पाटली बांगडीवर वाजते. तू पाहिलंस का तिला?"

"पाहिलं," सुतारीण म्हणाली.

"मग काय केलंस?"

सुतारणीला खोटं बोलता आलं असतं. पण ती बोलली नाही. "हसले," ती म्हणाली.

सुतार त्याच घटकेला घोड्यावरून निघाला. चार दिवस फिरून परत आला. बाजार कधीच मोडला होता, तांडा फुटून दुसऱ्या घाटानं उतरला होता. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, ते हे.

"वर्षानं येतील बैल," लोक म्हणाले. "तेव्हा निरोप देऊ. सगळं नीट होईल." दुसऱ्याच्या वाट्याचं वर्ष आपल्याला नेहमी लहानच वाटतं.

ते वर्ष गजरानं कसं काढलं ते तिचं तिला माहीत. आता तिच्याकडे कुणी "ओळख बघू" म्हणायला येत नसे. खरं म्हणजे कुणी येतच नसे. लाजेनं लोक लांबून जायचे. सुतारीण रोज पानांचा भारा घेऊन यायची, कुंपणाशी उभी राहायची, आणि नाव सांगायचा धीर होत नसे म्हणून भारा ठेवून परत जायची. गजराला पाटलीचा आवाज ऐकू यायचा. ती बोलत नसे.

वैशाख आला. डोणीवर घंटा वाजल्या. गजरा आधीच वाटेवर येऊन उभी होती, दोरी कमरेला गुंडाळलेली. पाठोपाठ सगळं गाव.

"सारजा आहे का हो?" तिनं विचारलं.

नायकानं उत्तर दिलं, पण गजराला नाही. तो बाजूला उभ्या असलेल्या पाटलाकडं बघत म्हणाला, "हिला सांगा, माझी सून भाद्रपदात गेली. तापानं."

पाटलानं मान खाली घातली. सांगायची गरजच नव्हती. गजरा दोन हातांच्या अंतरावर उभी होती, तिला ऐकू येत होतं.

तिनं कमरेच्या दोरीच्या गाठी चाचपल्या. मग म्हणाली, "जाताना काही बोलली?"

नायक पुन्हा पाटलालाच म्हणाला, "हिच्याबद्दल बोलायची. म्हणायची, बहिणीनं मला ओळखलं, पण माफ केलं नाही."

गजरा खाली बसली. ज्या बायका वर्षापूर्वी मांडवाच्या दारात हसल्या होत्या, त्या आता हुंदके देत होत्या. पण त्या हुंदक्यांचा कुणाला काय उपयोग?

मग गजरानं विचारलं, "तिची मुलगी?"

"आहे नऊ वर्षांची. आईविना भटकते," नायक म्हणाला.

"मी येते तुमच्याबरोबर. मुलीकडं."

नायक गोंधळला. त्यानं पाटलाला विचारलं, "हिला झेपेल का एवढं चालणं? फिरून जायचं म्हणजे महिनाभर लागेल. खाईल काय? वाटेत करील काय?"

पाटील म्हणाला, "छे, छे! हिला कुठलं झेपतंय!"

पाटलीण म्हणाली, "इथंच बरी आहे बिचारी."

तेव्हा गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "तिला विचारा!"

ती सुतारीण होती. तिचा चेहरा लाल झाला होता. "ती समोर बसलीय. तिचे पाय आहेत, झेपेल की नाही ते तिलाच विचारा. आम्हाला काय विचारता? आम्हाला विचारून तिचं काय भलं झालं आजपर्यंत?"

नायक ओशाळला. तो गजरापुढं येऊन खाली बसला आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलला, "बाई, मी सारजाचा सासरा. चालणं फार आहे. याल का?"

"येईन," गजरा म्हणाली.

तिनं गाठोडं बांधलं. सुतारीण कुंपणाशी आली. वर्षभर यायची तिथंच. या वेळी ती परत फिरली नाही. तिनं घसा खाकरला.

"मी पुतळा," ती म्हणाली. "सुताराची बायको. तुझ्या कुंपणाशी उभी आहे."

गजराचे हात थांबले. "तुझं नाव पुतळा होय? इतकी वर्षं कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी... नाही. मीच सांगितलं नाही." सुतारीण रडू आवरून म्हणाली, "मी माफी मागायला आले नाही. मागायला तोंड नाही. मी काय करू, एवढंच विचारते. काहीच करू नको म्हणालीस तर जाते. सांगून जाते."

गजरानं विचार केला. मग म्हणाली, "शिवेपर्यंत वाट खडकाळ आहे. तुझं कोपर दे. ओढू नकोस, ढकलू नकोस. मी धरीन, तू पुढं चाल."

सुतारणीनं कोपर पुढं केलं. गजरानं ते धरलं. दोघी बैलांच्या मागून शिवेपर्यंत गेल्या. वाटेत सुतारीण फक्त "इथं चढ आहे", "इथं ओहोळ आहे" एवढंच बोलली. शिवेवर गजरानं हात सोडला.

"मी निघाले गं पुतळा," ती म्हणाली. सांगून गेली.

सुतारीण घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत उभी होती.

त्या वर्षी गावातल्या लग्नांना पत्रावळी दुसऱ्या गावाहून आल्या. आमटी गळायची. जेवणारे खाली बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

पुढच्या वैशाखात डोणीवर बैल आले तेव्हा सुतारीण सगळ्यांच्या आधी तिथं होती. ती प्रत्येक बैलवाल्यापुढं जाऊन सांगत होती, "मी पुतळा, सुताराची. गजरा कशी आहे हो?"

एक तरुण बैलवाला म्हणाला, "गजरामावशी ना? चांगली आहे. भाचीला गाठी मारायला शिकवते. पोरगी दिवसभर झाडावर, आणि मावशी खाली ओटी धरून उभी."

सुतारीण हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "माझ्यासाठी काही निरोप दिलाय का?"

बैलवाला संकोचला. "तुमच्यासाठी असा नाही. पण मी निघालो तेव्हा मावशीनं थांबवून सांगितलं, घाटमाथ्यावरच्या त्या गावात शिरलास की कुणाशीही बोलायच्या आधी आपलं नाव सांग. तिथल्या माणसांना शिकायचं राहिलंय."

सुतारीण मान खाली घालून ऐकत राहिली. आणि गर्दीत कुणीही "अगं, ती गंमत होती" म्हणालं नाही.

तात्पर्य ध्यानात ठेवा: ज्याला दिसत नाही त्याच्याजवळ आधी नाव सांगून जावं, निघताना सांगून निघावं, विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि त्याच्याबद्दलचं त्यालाच विचारावं. त्यानं एकदा सांगितलं की ही थट्टा नको, तर ती तिथंच सोडावी. सोडली नाही, तर पुढं तुम्ही खरं सांगायला गेलात तरी तो उठणार नाही, आणि तो चुकला असं म्हणायला तुम्हाला तोंड उरणार नाही.